आर्विदास साबोनिसची थोरवी एनबीएच्या आकड्यांत का दिसत नाही?

प्रश्न : उत्तररात्र

नमस्कार. सॅक्रामेंटो किंग्जकडून खेळताना सलग तीन हंगाम एनबीएमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, रिबाउंडच्या (हुकलेली फेक झेलण्याच्या) सरासरीत पहिला आलेला डोमान्तास साबोनिस हा माझा आवडता खेळाडू आहे. त्याच्याबद्दल वाचता वाचता मी त्याच्या वडिलांपर्यंत, म्हणजे लिथुआनियाच्या आर्विदास साबोनिसपर्यंत येऊन पोहोचलो. तेव्हापासून मी थोडा गोंधळलो आहे.

वडिलांची एनबीएतील कारकीर्द पाहिली तर ती पोर्टलँड ट्रेलब्लेझर्स या एकाच संघाकडून आहे, ती १९९५ मध्ये सुरू होते आणि एकूण ४७० सामन्यांत सरासरी १२ गुण व ७.३ रिबाउंड एवढ्यावर संपते. चांगल्या सेंटरचे, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूचे, हे आकडे आहेत, पण असे आकडे असलेले डझनभर खेळाडू सहज सापडतील. तरीही २०११ मध्ये त्याला अमेरिकेतील नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलमधील थोरांच्या सन्मान-दालनात, स्थान मिळाले आणि जुने जाणकार त्याचे नाव जगातील सर्वोत्तम सेंटरांच्या पंक्तीत घेतात. बिल वॉल्टनसारखा स्वतः थोर सेंटर असलेला माणूस त्याची तुलना एनबीएतील थोर खेळाडू लॅरी बर्डशी करत असे.

माझे प्रश्न असे आहेत. हा मान नेमका कशासाठी आहे? पोर्टलँडने त्याला एनबीएच्या नवोदितांच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) १९८६ मध्येच निवडले असेल, तर तो तिथे पोहोचायला नऊ वर्षे का लागली? आणि त्याचा खेळ समजून घ्यायचा असेल तर मी कोणता सामना आधी पाहावा? केवळ आठवणींतून वाढवलेली दंतकथा नको आहे. ज्यांनी या विषयाचा नीट अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : संगम

उत्तररात्र यांस, मी वैद्यकीय शिक्षणासाठी काही वर्षे कौनसमध्ये राहिलो, त्यामुळे या प्रश्नाबद्दल मला विशेष आपुलकी आहे. कौनस हे नेमुनास आणि नेरिस या दोन नद्यांच्या संगमावरचे शहर. साबोनिसचा जन्म तिथलाच, १९ डिसेंबर १९६४ चा. त्या गावात बास्केटबॉल हा केवळ आवडीचा खेळ नाही. लिथुआनियाने १९३७ आणि १९३९ अशा लागोपाठ दोन युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा जिंकल्या, त्यांतील दुसरी कौनसमध्येच झाली आणि तिच्यासाठी तिथे खास क्रीडागृह बांधण्यात आले. पुढच्याच वर्षी देश सोव्हिएत संघात ओढला गेला आणि लिथुआनियाचा स्वतंत्र राष्ट्रीय संघ पन्नास वर्षे अस्तित्वात राहिला नाही. राहिला तो क्लब, झाल्गिरिस. १४१० मध्ये लिथुआनियन आणि पोलिश सैन्याने ट्यूटॉनिक सरदारांचा ज्या लढाईत पराभव केला, तिचे लिथुआनियन नाव झाल्गिरिस. स्वतःचा झेंडा फडकवता येत नव्हता त्या काळात लोक हे नाव स्टेडियममध्ये मोकळेपणाने घोषणेसारखे उच्चारू शकत होते. साबोनिसची कारकीर्द या पार्श्वभूमीवर ठेवल्याशिवाय तिचे वजन कळत नाही.

तो तेराव्या वर्षी बास्केटबॉलकडे वळला आणि १९८१ मध्ये झाल्गिरिसच्या मुख्य संघात आला. १९८२ मध्ये कोलंबियात जागतिक अजिंक्यपद जिंकणाऱ्या सोव्हिएत संघात तो होता, तेव्हा त्याला अठरा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला, तिथल्या विद्यापीठीय संघांशी खेळला, आणि २२१ सेंटिमीटर उंचीचा हा मुलगा चेंडू घेऊन धावतो, पास देतो आणि लांबून फेकतोही, हे अमेरिकी प्रशिक्षकांनी प्रथमच पाहिले. १९८४ चे लॉस एंजेलिस ऑलिंपिक सोव्हिएत बहिष्कारामुळे हुकले. १९८५ मध्ये युरोपीय अजिंक्यपद जिंकले आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

मायदेशात मात्र या सगळ्यापेक्षा मोठी मानली जाते ती सोव्हिएत लीगमधील लढत. मॉस्कोचा सीएसकेए हा लष्कराचा संघ होता, त्याच्याकडे साऱ्या देशातले खेळाडू येत. व्लादास गारास्तास यांच्या मार्गदर्शनाखाली झाल्गिरिसने, म्हणजे बहुतांशी एकाच छोट्या प्रजासत्ताकातील मुलांनी, १९८५, १९८६ आणि १९८७ अशी सलग तीन वर्षे ही लीग जिंकली. त्याआधीचे त्यांचे विजेतेपद १९५१ चे होते. मी राहत होतो त्या घराच्या वयस्क मालकिणीला बास्केटबॉलचे नियम धड सांगता येत नसत, पण ही तीन वर्षे मात्र ती बोटांवर मोजून दाखवत असे.

या काळात त्याच्या हातून एक मोठी चूकही झाली, ती लपवू नये. १९८६ मध्ये बुडापेस्टला युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात समोर द्राझेन पेत्रोविचचा सिबोना झाग्रेब होता. खेळाच्या ओघात झालेल्या झटापटीत साबोनिसने मिहोविल नाकिचला ठोसा मारला आणि पंचांनी त्याला बाहेर काढले. झाल्गिरिस ९४-८२ असा हरला. एकवीस वर्षांच्या मुलाचा संताप त्याच्या संघाला केवढ्याला पडला, हे कौनसमध्ये आजही खंत म्हणून सांगितले जाते.

आता आपला दुसरा प्रश्न. अटलांटा हॉक्सने त्याला १९८५ मध्ये चौथ्या फेरीत निवडले होते, पण तो एकवीस वर्षांचा नसल्यामुळे ती निवड रद्द झाली. १९८६ मध्ये पोर्टलँडने पहिल्या फेरीत चोविसाव्या क्रमांकावर त्याला घेतले. निवड झाली म्हणजे जाता येत होते, असे नाही. सोव्हिएत खेळाडूला परदेशी व्यावसायिक लीगमध्ये जाऊ द्यायचे की नाही हे राज्यसंस्था ठरवत असे, आणि व्यावसायिक झालेला खेळाडू त्या वेळच्या नियमांनुसार ऑलिंपिकला मुकला असता. १९८९ मध्ये ही दारे उघडली. त्याचा मित्र शारूनास मार्चुलिओनिस गोल्डन स्टेट वॉरियर्सकडे गेला. साबोनिसने मात्र स्पेनमधील व्हायादोलिदचा संघ निवडला. याचे कारण राजकारणापेक्षा त्याच्या टाचेत होते, असे मी मानतो. त्याविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने लिहू शकणारे सदस्य इथे आहेत.

उत्तर २ : पोटरी

संगम यांनी सोडलेला धागा मी पुढे नेतो. मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे आणि खेळाडूंच्या पायांच्या दुखापती हेच माझे रोजचे काम आहे.

साबोनिसचा अकिलीस टेंडन १९८६-८७ च्या सुमारास फाटला आणि पुरता सावरण्याआधी तो पुन्हा फाटला. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारा हा जाड पट्टा उडी मारताना आणि उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण सोसतो. टाचेच्या वर दोन-चार बोटांवर त्याचा जो भाग असतो तिथे रक्तपुरवठा मुळातच कमी असतो, म्हणून तिथली जखम सावकाश भरते, आणि घाई केली तर भरलेला भाग पुन्हा तुटतो. माझ्याकडे येणाऱ्या साठ-सत्तर किलो वजनाच्या कबड्डीपटूंनाही मी या दुखापतीनंतर आठ-नऊ महिने उडी मारू देत नाही. साबोनिसचे शरीर सव्वाशे किलोंच्या घरातले, वर्षभर क्लब आणि राष्ट्रीय संघ या दोन्हींचे सामने, आणि विश्रांती घेण्याचा निर्णय त्याच्या हातात नाही. या दुखापतीला मी केवळ दुर्दैव म्हणू शकत नाही. त्याच्यावर खेळाचा जो भार टाकला गेला, त्याचा यात मोठा वाटा आहे.

१९८८ मध्ये त्याला उपचारांसाठी पोर्टलँडला जाऊ देण्यात आले आणि ट्रेलब्लेझर्सच्या वैद्यकीय पथकाने त्याच्यावर मेहनत घेतली. ऑलिंपिकच्या तोंडावर प्रतिस्पर्ध्याला आपलेच लोक बरे करत आहेत, हे अमेरिकी संघाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांना मुळीच पसंत नव्हते. त्यानंतर सेऊल ऑलिंपिकमध्ये काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सोव्हिएत प्रशिक्षक अलेक्झांडर गोमेल्स्की यांनी सामन्यांचा सराव नसलेल्या साबोनिसला संघात घेतले, सोव्हिएत संघाने उपांत्य फेरीत डेव्हिड रॉबिन्सनच्या अमेरिकेला ८२-७६ असे आणि अंतिम फेरीत युगोस्लाव्हियाला ७६-६३ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या संघाच्या कण्यात साबोनिस, मार्चुलिओनिस, कुर्तिनाइतिस आणि खोमिचुस असे चार लिथुआनियन होते. एक माणूस म्हणून मला त्या सुवर्णाचा आनंद आहे, पण माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने ते पदक फार महाग पडले असावे असे वाटते.

एक टाच दगा देते तेव्हा भार घोट्यावर, गुडघ्यावर आणि दुसऱ्या पायावर जातो, आणि वर्षानुवर्षे गेला की ते सांधेही झिजतात. १९९५ मध्ये पोर्टलँडचे व्यवस्थापक बॉब व्हिटसिट यांनी त्याच्या पायांचे एक्स-रे संघाच्या डॉक्टरांना दाखवले, तेव्हा केवळ या एक्स-रेच्या आधारे या माणसाला अपंगांसाठी राखीव पार्किंगचा परवाना मिळेल, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले, अशी आठवण व्हिटसिट यांनी सांगितली आहे. आपण ज्या ४७० सामन्यांच्या सरासरीबद्दल विचारले आहे, ते सामने या पायांनी खेळले गेले आहेत.

उत्तर ३ : फळाफळी

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, तरी त्यांच्या रोखाशी मी पूर्णपणे सहमत नाही. साबोनिसबद्दलची प्रत्येक चर्चा शेवटी ‘पाय शाबूत असते तर काय झाले असते’ या हळहळीवर येऊन थांबते, आणि त्यामुळे त्याने प्रत्यक्षात जे केले ते झाकले जाते. स्पेनमधील सहा वर्षांवर कोणीही फारसे लिहिलेले नाही, म्हणून मी लिहितो.

व्हायादोलिद हा काही मोठा संघ नव्हता. तिथे त्याने तीन हंगाम काढले. स्पेनच्या लीगमध्ये साधारण आठवड्याला एक सामना असे, एनबीएप्रमाणे एका हंगामात ८२ सामने नव्हते, आणि या संथ लयीत त्याने नव्या पायांना शोभेल असा नवा खेळ घडवला. १९९२ मध्ये तो रिआल माद्रिदकडे गेला. १९९३ आणि १९९४ मध्ये स्पेनची लीग जिंकली, आणि १९९५ मध्ये सारागोसा येथे अंतिम सामन्यात ऑलिंपियाकोसला ७३-६१ असे हरवून युरोपचे विजेतेपद मिळवले. प्रशिक्षक झेल्को ओब्रादोविच होते आणि अंतिम चार संघांच्या त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू साबोनिस ठरला. बुडापेस्टमध्ये नऊ वर्षांपूर्वी हातचा गेलेला चषक त्याने जखमी पायांनी परत मिळवला. याला कारकिर्दीचा उतार म्हणता येणार नाही.

एनबीएतील आकड्यांबाबतही थोडे थांबून पाहिले पाहिजे. पहिल्या हंगामात तो एकतिसाव्या वर्षात होता, सामन्यात सरासरी २४ मिनिटेच खेळत होता, आणि तेवढ्यात त्याने १४.५ गुण व ८.१ रिबाउंड मिळवले. सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम राखीव खेळाडू, या दोन्ही पुरस्कारांच्या मतदानात तो दुसरा आला. त्या वर्षीच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, युटाविरुद्धच्या मालिकेत त्याची सरासरी २३.६ गुणांची होती. १९९७-९८ मध्ये तर १६ गुण आणि १० रिबाउंड अशी पूर्ण हंगामाची सरासरी आहे. २००० मध्ये पोर्टलँड लेकर्सविरुद्ध विभागीय अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात चौथ्या सत्रात पंधरा गुणांनी पुढे असताना ८९-८४ असा हरला नसता, तर त्याला एनबीएची अंतिम फेरीही खेळायला मिळाली असती. संपूर्ण मालिकाभर लेकर्सचा सेंटर शाकिल ओनील याला अंगावर घेण्याचे काम ३५ वर्षांच्या साबोनिसकडे होते.

उत्तर ४ : रिंगखालचा

मी शालेय मुलांना बास्केटबॉल शिकवतो. आपल्याकडे एखादा मुलगा उंच निघाला की त्याला रिंगखाली उभे करतात, चेंडू आला की वर टाक एवढेच शिकवतात, आणि त्याच्या हाताला पास कधी लागतच नाही. ही सवय मोडण्यासाठी मी माझ्या उंच मुलांना साबोनिसच्या जुन्या चित्रफिती दाखवतो, म्हणून त्याच्या खेळातील एकच गोष्ट येथे बारकाईने सांगतो.

तो फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर, ज्याला आपण हाय पोस्ट म्हणतो, तिथे रिंगकडे पाठ करून उभा राहतो. गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा सहकारी, त्याला चेंडू देतो आणि त्याच्या अंगाला घासून कट मारत रिंगकडे धावतो. या क्षणी बहुतेक सेंटर चेंडू छातीशी घट्ट धरतात आणि मान वळवून पाहतात, आणि मान वळली की बचाव करणाऱ्याला सगळे कळते. साबोनिस चेंडू एका पंज्यात डोक्याच्या वर नेतो, जिथे कोणाचाच हात पोहोचत नाही, आणि तोंड विरुद्ध कोपऱ्यातल्या खेळाडूकडे ठेवतो. बचाव करणारा अर्धे पाऊल त्या बाजूला झुकतो. तेवढ्यात मनगट मागे वळते आणि चेंडू एक टप्पा खाऊन कट मारणाऱ्या गार्डच्या हातात पडतो. यात उडी नाही, धाव नाही. मी ही चित्रफीत मुलांना तीन ठिकाणी थांबवून दाखवतो आणि दर वेळी विचारतो की चेंडू कुठे जाणार. पहिल्या वर्षाची मुले जवळजवळ नेहमी चुकतात.

पोटरी यांच्या म्हणण्याला यात उत्तर आहे असे मला वाटते. कौनसच्या काळातला साबोनिस हेच पास धावता धावता द्यायचा, चेंडू हिसकावून स्वतः मैदानभर पळायचा, डंक मारायचा, म्हणजे उडी घेऊन चेंडू वरून रिंगमध्ये घालायचा. माद्रिद आणि पोर्टलँडचा साबोनिस उभ्या उभ्या देतो. पाय गेले तरी मैदान वाचणारी नजर गेली नाही, कारण ती सोळाव्या-सतराव्या वर्षीच पक्की झाली होती. फळाफळी यांनी ‘नवा खेळ घडवला’ असे म्हटले आहे. मी एवढीच दुरुस्ती सुचवेन की खेळ जुनाच होता, त्यातली धाव तेवढी वजा झाली होती.

उत्तररात्र (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. रिंगखालचा यांनी वर्णन केलेला पास शोधण्यासाठी मी पोर्टलँडच्या १९९६ च्या प्लेऑफमधील एक सामना काढून पाहिला आणि तो मागे वळणाऱ्या मनगटाचा पास मला दोनदा सापडला. दोन्ही वेळा चेंडू कुठे जाणार याचा माझा अंदाज चुकला. आता दोन गोष्टी राहिल्या. स्वतंत्र लिथुआनियासाठी तो किती खेळला? आणि आधी कोणता सामना पाहावा, हे कोणीच सांगितले नाही.

संगम (पुन्हा)

देशासाठी तो दोन ऑलिंपिक स्पर्धा खेळला आणि दोन्हींत कांस्यपदक मिळाले. १९९० मध्ये स्वातंत्र्याची घोषणा केलेल्या देशाचा संघ १९९२ मध्ये बार्सिलोनाला गेला. उपांत्य सामन्यात अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’कडून, म्हणजे एनबीएच्या ताऱ्यांच्या संघाकडून, १२७-७६ असा मोठा पराभव झाला, आणि कांस्यपदकासाठी समोर उभा राहिला तो पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांचा एकत्रित संघ. सेऊलला ज्या खेळाडूंबरोबर एका रंगाचा गणवेश घातला होता, त्यांच्यातलेच काही आता विरुद्ध बाजूला होते. गटसाखळीत याच संघाने लिथुआनियाला हरवले होते. या वेळी लिथुआनिया ८२-७८ असा जिंकला. सेऊलच्या सुवर्णापेक्षा हे कांस्य कौनसमध्ये अधिक प्रेमाने सांगितले जाते. पारितोषिक वितरणाला खेळाडूंनी घातलेले पिवळ्या-हिरव्या-लाल रंगांचे टी-शर्ट मी तिथे दुकानांत, घरांत आणि एकदा तर माझ्या प्राध्यापकांच्या कोटाच्या आतही पाहिले आहेत. १९९६ मध्ये अटलांटात ऑस्ट्रेलियाला ८०-७४ असे हरवून दुसरे कांस्य मिळाले, आणि त्याआधी १९९५ च्या युरोपीय स्पर्धेत रौप्य.

शेवटचा हंगामही लक्षात घ्या. पोर्टलँड सोडून तो २००३ मध्ये झाल्गिरिसकडे परतला, आणि ३९ वर्षांचा असताना युरोलीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेच्या नियमित फेरीचा तसेच त्यानंतरच्या १६ संघांच्या फेरीचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या फेरीच्या अखेरच्या सामन्यात तेल अवीवला मक्काबीविरुद्ध विजय हातात आला होता, पण अगदी शेवटच्या क्षणी डेरिक शार्पने तीन गुणांची फेक टाकून बरोबरी साधली, अतिरिक्त वेळेत झाल्गिरिस हरला आणि अंतिम चार संघांतील जागा गेली. त्या मोसमानंतर तो पुन्हा व्यावसायिक सामन्यासाठी उतरला नाही आणि २००५ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. आपण प्रश्नात दिलेल्या १२ आणि ७.३ या सरासरीत यातले काहीच मोजलेले नाही.

सामना पाहायचा तर १९८६ च्या जागतिक स्पर्धेतील सोव्हिएत संघ विरुद्ध युगोस्लाव्हिया हा उपांत्य सामना पाहा. एक मिनिटाहून कमी वेळ उरला असताना सोव्हिएत संघ नऊ गुणांनी मागे होता. साबोनिसने तीन गुणांच्या रेषेबाहेरून फेकलेला चेंडू बोर्डला लागून आत गेला, मग सहकारी तिखोनेन्कोने तीन गुण मिळवले, युगोस्लाव्हियाच्या तरुण व्लादे दिवाचने नियमभंग करून चेंडू गमावला, सोव्हिएत संघाच्या वाल्तर्सने तिसरी फेक आत घातली, आणि अतिरिक्त वेळेत सोव्हिएत संघ ९१-९० असा जिंकला. शेवटच्या मिनिटावर थेट उडी मारू नका. पूर्ण सामना पाहा आणि साबोनिस बचावाकडून आक्रमणाकडे कसा पळतो तेवढेच टिपत राहा, कारण तसा पळणारा साबोनिस त्यानंतर फार काळ कोणाला दिसला नाही.